लेक सोरोरिटीची अध्यक्ष झालीये. म्हणजे नेमकं काय झालीये?

कुंदा_न्यूजर्सी
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

लेक दुसऱ्या वर्षाला आहे, इंजिनियरिंग, घरापासून विमानाने तीन तास. गेल्या वर्षी तिथल्या एका देशी मुलींच्या सोरोरिटीत (कॉलेजातल्या मुलींचं मंडळ म्हणे) शिरली. आम्ही म्हटलं ठीक आहे, मैत्रिणी मिळतील. काल रात्री फोन आला, "आई, मी चॅप्टर प्रेसिडेंट झाले!" मी अभिनंदन केलं, फोन ठेवला आणि यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "शिकायला पाठवलंय की मंडळ चालवायला?"

चॅप्टर, म्हणजे त्या कॉलेजातली शाखा, लहान आहे, १४ जणी. स्वतःचं घरबिर नाही. शिवाय तिच्या गळ्यात अजून एक काम पडलंय: चॅप्टरचा इतिहास लिहून काढायचा. कुणी सुरू केला, कोण कोण अध्यक्ष झाल्या, काय काय केलं. म्हणे, कुणाकडेच धड नोंद नाही.

प्रश्न दोन. हे प्रकरण मुळात काय आहे? आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलीने ही जबाबदारी घ्यावी का? अनुभवी लोकांनी लिहा. मी भारतात शिकले, आमच्याकडे फक्त हॉस्टेल आणि रेक्टरबाई होत्या.

झिपरी
खुर्ची टाकून बसलेय. चहा आणते.

स्पष्टवक्ता_७१
कुंदाताई, राग मानू नका, पण हे सगळे भिकेचे डोहाळे आहेत. पैसे भरायचे, एकसारखे टीशर्ट घालायचे, ग्रीक अक्षरं मिरवायची आणि नव्या पोरींना छळायचं. आमच्या शेजाऱ्यांच्या मुलीने पहिल्या सेमिस्टरला सहाशे डॉलर भरले आणि दुसऱ्या सेमिस्टरला रडत बाहेर पडली. अभ्यास करू द्या म्हणावं.

गोधडी
@स्पष्टवक्ता, शेजाऱ्यांच्या मुलीचं वाईट वाटलं, पण मुळात हे छळायला सुरू झालेलं नाही हो. उलटी गोष्ट आहे.

गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात अमेरिकेतल्या कॉलेजांनी मुलींना दारं उघडली, पण आतल्या सगळ्या खोल्या मुलग्यांच्याच. वादसभा त्यांच्या, गुप्त मंडळं त्यांची. इंडियानातलं अॅस्बरी कॉलेज, आताचं डीपॉ, तिथे बेटी लॉक नावाची मुलगी होती. तिला मुलांच्या एका मंडळाने आपला बिल्ला 'मानाने' लावायला दिला, पण सभासद करणार नाही म्हणाले. तिने बिल्ला नाकारला आणि आणखी तिघींना घेऊन १८७० च्या जानेवारीत कप्पा अल्फा थीटा काढली. थीटावाल्या अजून ही गोष्ट मिटक्या मारत सांगतात. त्याआधी १८६७ मध्ये इलिनॉयमधल्या मनमथ कॉलेजात १२ जणींनी आय. सी. सोरोसिस काढली होती, तीच पुढे पाय बीटा फाय झाली. जॉर्जियातल्या मेकन गावची अल्फा डेल्टा पाय तर १८५१ पासूनचं नातं सांगते. पहिली कोण यावरून तिघींच्या सभासदांत अजून जुंपते.

'सोरोरिटी' हा शब्दही नंतरचा बरं का. आधी या सगळ्या स्वतःला बायकांची फ्रॅटर्निटीच म्हणवायच्या, म्हणजे मुलांच्या मंडळांचंच नाव. पण फ्रॅटर म्हणजे लॅटिनमध्ये भाऊ. सिराक्यूजच्या गॅमा फाय बीटाला त्यांच्या लॅटिनच्या प्राध्यापकांनी सोरोर म्हणजे बहीण यावरून हा शब्द सुचवला.

झिपरी
म्हणजे भगिनी मंडळ!! आमच्या आजीचं होतं. हळदीकुंकू, पापड, आणि खजिनदार कोण यावरून दोन वर्षं अबोला.

आटपाटनगर
मी ऐकलंय की काही गावांत सोरोरिटीला घर घेता येत नाही, कारण इतक्या बायका एका छपराखाली राहिल्या तर कायद्याने तो कुंटणखाना ठरतो. खरंय का?

गोधडी
नाही नाही नाही. ही अफवा अमेरिकेतल्या प्रत्येक कॉलेजात पिढ्यानपिढ्या फिरतेय आणि प्रत्येक कॉलेजवाल्याला वाटतं की तो कायदा आपल्याच गावात आहे. असा कायदा कुणालाही दाखवता आलेला नाही. सिराक्यूजलाच अल्फा फायने १८८६ मध्ये स्वतःचं घर बांधलं होतं. मात्र नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स या महासंघातल्या २६ सोरोरिट्यांच्या घरांत दारूला बंदी आहे, हे खरं. म्हणून पार्ट्या पोरांच्या घरी होतात. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

पोटोमॅककाठी
कुंदाताई, लेकीला इतिहास लिहायचाय म्हणता, तर तिला हॉवर्डची, म्हणजे वॉशिंग्टनमधल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाची, गोष्ट आधी वाचायला सांगा. चॅप्टरचा इतिहास आणि चॅप्टरचं नेतृत्व या एकाच वस्तूच्या दोन बाजू आहेत, हे त्यातून लख्ख दिसतं. मी वॉशिंग्टनला २० वर्षं राहतेय, हॉवर्ड युनिव्हर्सिटीवरून रोज बस जायची माझी. जरा लांबण लावते, चालवून घ्या.

१५ जानेवारी १९०८. हॉवर्डचा माइनर हॉल. एथेल हेजमन नावाच्या मुलीच्या डोक्यातली कल्पना, तिने ८ मैत्रिणी जमवल्या आणि नऊ जणींनी अल्फा कप्पा अल्फा काढली. काळ्या मुलींची ही पहिली सोरोरिटी. गुलामगिरी संपून ४३ वर्षं झालेली. यांच्यातल्या बऱ्याच जणींना पुढे आपल्याच लोकांच्या शाळांत शिकवायचं होतं, आणि त्या वेळी दुसरं फारसं काही करूही दिलं जात नव्हतं.

आता गंमत. कल्पना एथेलची, पण पहिली अध्यक्ष झाली लूसी डिग्ज स्लो. ती शेवटच्या वर्षाला होती, एथेल एक वर्ष मागे, म्हणून एथेल उपाध्यक्ष. घटना लिहायलाही लूसीच पुढे. ही लूसी कोण? १९०८ ची वर्गात पहिली आलेली. १९१७ मध्ये बाल्टिमोरला काळ्या टेनिसपटूंच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत बायकांचं विजेतेपद मिळवणारी. आणि १९२२ मध्ये हॉवर्डलाच परत येऊन विद्यार्थिनींची डीन झालेली. म्हणजे ज्या वसतिगृहात मंडळ काढलं, त्याचीच पुढे मोठी बाई झाली.

पदांची नावं ऐका: अध्यक्ष म्हणजे बॅसिलियस, उपाध्यक्ष अँटी-बॅसिलियस, सचिव ग्रॅमेटियस, खजिनदार टॅमियूकस. मुली ग्रीक शिकलेल्या, हौस दांडगी.

आता खरी भानगड. १९१२ ची पानगळ, नव्या सत्राची सुरुवात. चॅप्टरमध्ये २२ मुली. त्यांना वाटलं, आपलं नाव बदलावं, चिन्हं बदलावीत, रंग बदलावेत, आणि नुसतं आपापसातल्या मेळाव्यांपेक्षा बाहेरच्या राजकारणात उतरावं. मतदान झालं, ठरलं. ही बातमी नेली क्वांडरला कळली. ती नुकतीच पास होऊन वॉशिंग्टनमध्येच शाळेत शिकवत होती, आणि आधी चॅप्टरची अध्यक्ष राहिलेली. ती आली, म्हणाली नाव बदलायचं नाही. मुदत दिली. २२ जणींनी ऐकलं नाही. नेलीने दुसऱ्या माजी सभासदांना जमवलं आणि २९ जानेवारी १९१३ ला अल्फा कप्पा अल्फाची रीतसर कायदेशीर नोंदणी करून टाकली. नाव कायमचं सुरक्षित.

पण त्याच्या १६ दिवस आधी, १३ जानेवारीला, त्या २२ जणींनी डेल्टा सिग्मा थीटा स्थापन केली होती. आणि त्यांची पहिली अध्यक्ष कोण? मायरा डेव्हिस, जी तोवर अल्फा कप्पा अल्फाच्याच चॅप्टरची अध्यक्ष होती!

झिपरी
अगंबाई, म्हणजे अध्यक्षच पळून गेली.

टेकाडे_भावजी
एका गावात एक मराठी मंडळ असतं. दुसरा मराठी माणूस आला की दोन होतात. तिसरा आला की दोन्हींचा समन्वय महासंघ. हॉवर्डच्या पोरी आपल्याच निघाल्या म्हणायच्या. दोन गणपती, दोन दिवाळी अंक, आणि दोन्हींकडे तेच ढोलपथक. हलकं घ्या.

स्पष्टवक्ता_७१
पाहिलंत? रंग आणि बोधचिन्ह यावरून मंडळ फोडलं. मी काय म्हणत होतो!

पोटोमॅककाठी
@स्पष्टवक्ता, रंगावरून नाही फुटलं हो, निदान नुसतं रंगावरून नाही. डेल्टा निघून जेमतेम सात आठवडे झाले होते, तोच ३ मार्च १९१३ ला राष्ट्राध्यक्ष विल्सनच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये बायकांच्या मताधिकाराचा प्रचंड मोर्चा निघाला. त्यात या २२ जणींनी आपलं नवंकोरं निशाण घेऊन भाग घेतला. त्यांचं पहिलं सार्वजनिक काम हेच. त्या मोर्चात काळ्या बायकांनी मागे चालावं असा दबाव होता. काळ्या पत्रकार इडा वेल्सबाईंनी तो धुडकावला, गर्दीत उभ्या राहिल्या आणि इलिनॉयची तुकडी आली तशी सरळ त्यात घुसल्या.

आता जुन्या बाजूकडेही बघा. नेली क्वांडरनेसुद्धा फेब्रुवारीत मोर्चाच्या आयोजक अॅलिस पॉल यांना पत्र लिहिलं होतं: आमच्या मुलींना यायचंय, पण वर्णावरून वेगळी वागणूक देणार असाल तर नको, कॉलेजच्या मुलींत चांगली जागा द्या. म्हणजे जिला 'जुनाट' ठरवून पोरी बाहेर पडल्या, ती काही पापड लाटत बसली नव्हती. दोघी बरोबर होत्या आणि दोघींना एकत्र नांदता आलं नाही, इतकंच.

आटपाटनगर
पण मला नेलीचं पटत नाही. पास होऊन गेलीस ना बाई? मग चॅप्टरमधल्या २२ जणींनी बहुमताने ठरवलेलं तू कोण बदलणार?

शेवंती_डलास
@आटपाटनगर, उलट बाजूने विचार कर. चार वर्षांत सगळे सभासद बदलतात अशी संस्था आहे ही. आज जी २२ आहेत ती ४ वर्षांनी एकही नसणार. त्यांनी नाव बदललं, पुढच्यांनी पुन्हा बदललं, तर १९०८ च्या नऊ जणींचं काय उरलं? माजी सभासदच दोरी धरून असतात.

पण तीच दोरी गळ्यालाही लागते. २०१३ चं अलाबामा आठवा. तिथल्या कॉलेजच्या वर्तमानपत्राने छापलं की सोरोरिट्यांमधल्या मुली एका हुशार काळ्या मुलीला घ्यायला तयार होत्या, पण माजी सभासद बायकांनी आडकाठी केली. आणि हे कधी? काळी विद्यार्थिनी व्हिव्हियन मलोन हिने त्याच विद्यापीठात पाऊल ठेवल्याला बरोबर ५० वर्षं झाली तेव्हा! चॅप्टरमधल्या मुलीच बोलायला उभ्या राहिल्या, गदारोळ झाला, विद्यापीठाने प्रवेश पुन्हा उघडायला लावले आणि मग काळ्या मुलींना बोलावणी गेली. तेव्हा माजी अध्यक्षबाई शहाणी की आत्ताच्या पोरी, याचं एकच उत्तर नाही.

गोधडी
शेवंती, हे फार नेमकं मांडलंस. +१

स्पष्टवक्ता_७१
बरं, इतिहास चांगला आहे, मान्य. पण छळाचं काय? तो विषय सगळ्यांनी शिताफीने टाळला.

माजी_अध्यक्षीण
टाळत नाही, स्पष्टवक्ताकाका. मी बरीच वर्षं वाचनमात्र होते, या धाग्यासाठी लॉगिन केलं.

मी एका देशी सोरोरिटीच्या चॅप्टरची एक वर्ष खजिनदार आणि एक वर्ष अध्यक्ष होते. छळ हा खरा प्रश्न आहे. नव्या मुलींचा जो काळ असतो, त्यात 'परंपरा' म्हणून काय वाट्टेल ते घुसतं. माझ्या आधीच्या एका तुकडीला रात्री दोनला उठवून संस्थापकांची नावं घोकवून घेत. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. कुणी हात लावला नाही, पण एका मुलीची दुसऱ्या दिवशी सकाळी आठला परीक्षा होती. मी अध्यक्ष झाल्यावर हे बंद केलं, तर मला दोन वरच्या मुलींनी सहा महिने तोंड दाखवलं नाही. म्हणाल्या, आम्ही सोसलं, त्यांनी का नाही? हे वाक्य कुंदाताई तुमच्या लेकीलाही ऐकवलं जाईल. तेव्हा ती काय बोलते त्यावरून कळेल ती कसली अध्यक्ष आहे. डिसेंबर २०२४ पासून अमेरिकेत नवा कायदाही आहे, कॉलेजांना अशा प्रकारांची नोंद ठेवून ती जाहीर करावी लागते. तिच्या कॉलेजचा तो अहवाल आधी उघडून वाचा.

आता बाकीचं. लोकांना वाटतं अध्यक्ष म्हणजे माईकवर भाषण. माझं अध्यक्षपद म्हणजे: विद्यार्थी संघाच्या ऑफिसात हॉल बुक करायचा अर्ज, तो तीन वेळा परत आला, कारण सल्लागार प्राध्यापकांची सही एका पानावर नव्हती. वर्गणी. १७ जणींची वर्गणी, त्यातल्या पाच दर महिन्याला "उद्या देते गं". दिवाळीच्या कार्यक्रमाला ३०० समोसे सांगितले, आले २४०, आणि समोसेवाल्याचा फोन बंद. मी आणि उपाध्यक्ष दोघी रांगेत उभ्या राहून प्रत्येकीला दीड-दीड वाढत होतो. अर्धा समोसा कापायची सुरी नव्हती, आयडी कार्डाने कापला.

आणि एक रात्र. एका सभासदाचे वडील भारतात गेले. तिच्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते आणि घरी कुणाला सांगायची ताकद नव्हती. आम्ही ११ जणींनी मिळून तासाभरात तिकीट काढलं, एकीने तिच्या प्राध्यापकांना मेल लिहिली, एकीने बॅग भरली. पहाटे चारला विमानतळावर सोडून आले आणि तिथेच गाडीत झोपले. नोकरीत अजून तरी मला यापेक्षा जड काही करावं लागलेलं नाही.

मार्क मात्र माझे घसरले, एका सेमिस्टरला. ते पण सांगते.

झिपरी
आयडी कार्डाने समोसा!! मी मेले.

शेवंती_डलास
माजी_अध्यक्षीण, लॉगिन केलंस ते बरं केलंस. लिहीत राहा.

टेकाडे_भावजी
एक बाळबोध प्रश्न. देशी मुलींची वेगळी कशाला? आहे त्याच सोरोरिटीत जायचं ना. की तिथेही आपण आपला डबा वेगळा उघडायचा?

माजी_अध्यक्षीण
@भावजी, १९९८ ला एकाच वर्षात तीन निघाल्या: टेक्सासमध्ये ऑस्टिनला कप्पा फाय गॅमा, ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा, आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये सेंट जॉन्सला सिग्मा सिग्मा रो. पुढच्या वर्षी टेक्सास ए अँड एमला डेल्टा कप्पा डेल्टा. एकाच वेळी सगळीकडे का? माझं मत सांगते. १९६५ नंतर जे डॉक्टर-इंजिनियर आले, त्यांच्या मुली तेव्हा कॉलेजला पोचल्या होत्या. या मुली घरात 'फार अमेरिकन' आणि बाहेर 'फार इंडियन'. मोठ्या सोरोरिटीच्या दारात जायचं तर आई तिथे होती का हे विचारतात. आमच्या आया तेव्हा सांगलीत आणि साताऱ्यात होत्या हो! ऑस्टिन-ह्यूस्टनच्या पहिल्या मुलींनीही बेटी लॉकचंच केलं. दिलेला बिल्ला लावण्यापेक्षा स्वतःचा बनवला.

स्पष्टवक्ता_७१
'आई तिथे होती का' हे खरंच विचारतात?

माजी_अध्यक्षीण
'लेगसी' म्हणतात त्याला. आता बऱ्याच जणींनी त्याचं महत्त्व कमी केलंय, पण वर्षानुवर्षं होतं.

ओवी_आणि_अंगाई
अवांतर, पण राहवत नाही. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. मग जवळजवळ तीन वर्षं तिथे फिरल्या, भाषणं दिली, पैसे उभे केले आणि १८८९ मध्ये मराठीत अमेरिकेवर पुस्तक लिहिलं. त्यात तिथल्या बायकांच्या संघटनांचं वर्णन आहे. सभा कशा चालतात, अध्यक्ष, सचिव, हिशोब. त्यांना याचंच अप्रूप होतं. दारूबंदीवाल्या फ्रान्सिस विलर्डबाईंशी त्यांची चांगली ओळख होती. आणि या विलर्डबाई अल्फा फाय सोरोरिटीच्या सभासद होत्या, त्याच सुमाराला तिच्या राष्ट्रीय अध्यक्षही. म्हणजे सोरोरिटीच्या अध्यक्षबाईंच्या पंगतीला मराठी बाई १३५ हून जास्त वर्षांपूर्वीच बसून आलीये. कुंदाताईंच्या लेकीने घाबरायचं कारण नाही.

गोधडी
ओवी, हे माहीतच नव्हतं! वाचनखूण साठवली.

पोटोमॅककाठी
वा! आणि माझ्याकडूनही एक पुरवणी. कुणी विचारेल की या मंडळांनी पुढे केलं काय. १९३५ च्या उन्हाळ्यात अल्फा कप्पा अल्फाच्या बायका मिसिसिपीला गेल्या, डॉ. डोरोथी फेरेबी त्यांच्या वैद्यकीय प्रमुख. तिथल्या मळ्यांवरच्या काळ्या मजुरांच्या मुलांना लसी द्यायच्या होत्या. मळेवाले मजुरांना दवाखान्यापर्यंत सोडेनात. मग यांनी दवाखानाच गाड्यांत भरला आणि मळ्यांवर नेला. १९४२ पर्यंत दर उन्हाळ्यात. आणि डेल्टाकडे बघायचं तर डोरोथी हाइट १९४७ पासून जवळजवळ दशकभर त्यांच्या राष्ट्रीय अध्यक्ष होत्या. १९६३ च्या वॉशिंग्टनच्या मोर्चात व्यासपीठावर होत्या, पण भाषण करू दिलं नाही. कमला हॅरिस १९८६ मध्ये हॉवर्डलाच अल्फा कप्पा अल्फात गेल्या, म्हणजे त्याच मूळ चॅप्टरमध्ये. गुलाबी-हिरव्या रंगाच्या बायका प्रचारात 'स्की-वी' असं ओरडायच्या ते आठवतंय का? ती यांची हाक.

आटपाटनगर
ते स्की-वी होय! मला वाटलं माईक बिघडलाय.

कुंदा_न्यूजर्सी
काय लिहिलंत सगळ्यांनी! तीन दिवस कामाच्या धबडग्यात फक्त वाचत होते. लेकीला धागा वाचून दाखवला फोनवर, समोश्याला फार हसली.

आता इकडची खबर. चॅप्टरची एक प्लास्टिकची पेटी आहे, ती अध्यक्ष बदलली की एकीच्या पलंगाखालून दुसरीच्या पलंगाखाली जाते. लेकीने परवा ती उघडली आणि मला व्हिडिओवर एक एक वस्तू दाखवली. दोन लाकडी फळ्या, अक्षरं रंगवलेल्या. एक ओढणी, कुणाची माहीत नाही. भाड्याने घेतलेल्या स्पीकरची पावती. आणि एक वही, शंभर पानी, आपल्याकडे मिळते तशी, नक्की कुणीतरी भारतातून नेलेली. पहिल्या पानावर सात नावं, सात वेगळ्या पेनांनी. सातवं नाव खोडून पुन्हा लिहिलंय. पुढे दोन वर्षांच्या सभांची टिपणं, मग मधली चार वर्षं कोरी, मग एकदम वर्गणीचा हिशोब.

तिने त्या सातपैकी तिघींना शोधून फोन केला. एक आता दोन मुलांची आई, डेंटिस्ट. तिला विचारलं, सातवं नाव खोडलं का होतं? ती म्हणाली, ती मुलगी पहिल्याच सभेत रंगावरून भांडून निघून गेली होती, मग आठवड्याने परत आली, म्हणून पुन्हा लिहिलं. आणि पहिली अध्यक्ष तीच झाली.

टेकाडे_भावजी
म्हटलं नव्हतं!

पोटोमॅककाठी
कुंदाताई, त्या कोऱ्या चार वर्षांचं शोधायला सांगा तिला. तिथेच काहीतरी झालेलं असतं.

कुंदा_न्यूजर्सी
तेच ती शोधतेय. आणि @माजी_अध्यक्षीण, तो अहवाल आम्ही वाचला, या चॅप्टरचं नाव त्यात नाही. तुमचं "आम्ही सोसलं, त्यांनी का नाही" हे वाक्य तिला सांगितलं. गप्प झाली. मग म्हणाली, "आई, ते मला कालच म्हणून झालंय." पुढे काय बोलली ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

अध्यक्षपद घेऊ द्यायचं ठरलंय, मार्क घसरले तर सोडायचं या बोलीवर. यांचं म्हणाल तर आत्ता ते लेकीने पाठवलेली वर्गणीची एक्सेल उघडून बसलेत. म्हणतायत, मार्चच्या रकान्याची बेरीज ४० डॉलरने चुकलीये.

माजी_अध्यक्षीण
ते ४० "उद्या देते गं" वालीचे.